नादारीचे पाहुणे

आमच्या घरात भात होता, पैसा नव्हता. ज्यांचं लहानपण धानाच्या मुलखात गेलं नाही त्यांना हे समजावून सांगताना मी आजही थकते. माझ्या सुनेला वाटतं, मी एक तर गरिबी वाढवून सांगते नाही तर भात वाढवून सांगते. पण दोन्ही खरं होतं. पडवीत धान साठवायची, शेणानं लिंपलेली बांबूची ढोली होती आणि ती सहसा रिकामी नसायची. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोरीची डाळ, संध्याकाळी पुन्हा भात, सोबत जवसाची चटणी नाही तर वाडीतली वांगी. मीठ हवं असेल तर माय पदरात धान बांधून दुकानात जायची. कुंभाराला धान, न्हाव्याला धान, बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीलाही धानच. नाणं घरात आलं तरी त्याचा मुक्काम फार नसायचा. पहाटे माय आणि शेजारची सकूकाकी आमच्या अंगणातल्या एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालायच्या. त्या धपधप आवाजात झोपायची मला इतकी सवय होती की पुढे गोंदियाला राहायला गेले तेव्हा राइस मिलचा भोंगा वाजला की मी दचकून उठायचे आणि मग डोळा लागायचा नाही.

सकूकाकी नात्यानं आमची कोणी नव्हती. तिच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून होती, एवढंच नातं, पण दवनीवाड्यात तेवढं पुरत असे. तिचा आवाज खणखणीत होता आणि मत त्याहून. गल्लीतलं कोणाचं बाळंतपण, कोणाची सोयरीक, कोणाची गाय कधी व्यायची, हे सगळं तिच्या देखरेखीखाली चाले. मायचा स्वभाव अगदी उलटा. ती खोटं बोलू शकत नसे आणि खरं बोलायलाही तिला जड जाई, त्यामुळे ती बहुतेक वेळ गप्पच असायची. आणि बाबा म्हणजे डोमाजी मेंढे. थोडी स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, थोडी ठेक्यानं घेतलेली, दोन बैल आणि ताठ मान. धान मळून झालं की खळ्यावर कोणीही येऊन उभं राहिलं तरी बाबा त्याच्या पदरात ओंजळभर टाकायचेच. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या बापालाही तेवढंच ठाऊक होतं.

मामा गोंदियाला एका राइस मिलमध्ये कामाला होता. त्याच्या रेल्वे लायनीजवळच्या दोन खोल्यांत राहून मी मॅट्रिक झाले. तिथे सगळं हिंदीत चालायचं. मामी भाजीवालीशी हिंदीत भांडायची, माझ्याशी मराठीत, आणि रागावली की दोन्हींत. शेजारणी ओटीवर बसून तेंदूच्या पानांच्या बिड्या वळायच्या, त्या ओल्या पानांचा वास माझ्या सगळ्या अभ्यासाला लागलेला आहे. मॅट्रिकचा निकाल घेऊन मी गावी आले तेव्हा फार कौतुक झालं, आणि कौतुकाच्या पाठोपाठ काळजी आली. एवढ्या शिकलेल्या पोरीला नवरा कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्यापेक्षा गल्लीला जास्त पडला होता. मला मात्र नवरा नको होता. गोंदियाला दोन-तीन वर्षांपूर्वी नवीन कॉलेज निघालं होतं, मामाच्या घरापासून पायी जाता येईल इतकं जवळ, आणि मला त्या कॉलेजात जायचं होतं. त्या वयात मला दुसरं काहीच हवं नव्हतं, देवाजवळ मागायची वेळ आली असती तर तेवढंच मागितलं असतं.

राहायचं मामाकडे, खायला तांदूळ घरून, पण फी नाण्यांत भरायची होती आणि ती आमच्याच्यानं होण्यासारखी नव्हती. कॉलेजात नादारीची सोय आहे, हे मामानं शोधून काढलं. नादारी म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही त्याला फी माफ. त्यासाठी अर्ज करायचा, आणि मग कॉलेजच्या कमिटीतले लोक येऊन घर पाहून जायचे, खरोखर गरज आहे की नाही ते. मामानं हे बाबांना सांगितलं तेव्हा बाबा बैलांना पाणी दाखवत होते. त्यांनी बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. पण ते माझ्याकडे न पाहता मामाला म्हणाले, अर्ज कर, पण गावात हे कोणाच्या कानावर जाऊ देऊ नको. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आज माझी नात स्कॉलरशिपचा अर्ज पलंगावर लोळत मोबाइलवर भरते आणि भरता भरता शेंगदाणे खाते. मी तिला काही म्हणत नाही. बाबांच्या नशिबी असा पलंग असता तर बरं झालं असतं, एवढंच मनात येतं.

भातलावणीचा रोवणा तोंडावर आला होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर झाले होते आणि बांध्यांत चिखलणी चालू होती. अशा दिवसांत मामाचा निरोप आला की रविवारी सकाळी कमिटीचे दोघे येतील, एक शेठजी आणि एक प्रोफेसर, शेठजींच्या मोटारीतून. बाबांनी ऐकून घेतलं आणि रविवारी पहाटेच बांधीवर निघून गेले, पाहुणे येईपर्यंत परततो म्हणाले. मायनं मात्र अंगण सारवायला घेतलं. सणवार नसताना, कामाच्या ऐन घाईत माय अंगण सारवते आहे, हे सकूकाकीला भिंतीपलीकडून दिसलं आणि ती येऊन उभी राहिली. कोण येतंय, तिनं विचारलं. मायला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायची बंदी होती. ती म्हणाली, "गोंदियाचे पावने येऊन राह्यले. सुमीसाठी."

बस, एवढंच. आता ह्यात सकूकाकीची तरी काय चूक? घरात लग्नाची पोरगी, शहरातले दोन पुरुष, तेही मोटारीतून, आणि आई सांगते की पोरीसाठी येताहेत. आमच्याकडे ह्याचा अर्थ एकच होत होता, जगात कुठेही एकच होत असेल. आणि पोरगी पाहायला कोणी येणार असलं की आमच्या गल्लीची एक रीत होती. पोरगी एका घरची नसते, गल्लीची असते, आणि गल्लीची शोभा पाहुण्यांच्या डोळ्यांत भरलीच पाहिजे. म्हणून ज्याच्या घरी जे चांगलं असेल ते त्या घरी जायचं. मागावं लागत नसे, मागितलं असतं तर उलट राग आला असता. घटकाभरात सकूकाकीच्या घरून पाण्याचे दोन पितळी गुंड आले, चिंच लावून लखलखीत घासलेले. समोरच्या पारबतामायनं लेकीच्या लग्नात आलेली सतरंजी पाठवली. कोपऱ्यावरच्या घरून काशाची ताटं आणि लोटे आले, कोणाच्या घरून नवी खाट, कोणाच्या घरून गव्हाचं पीठ आणि लोणकढं तूप. आमच्या घरचा म्हणून फक्त तांदूळ होता, मायनं दिवाळीसाठी राखून ठेवलेला चिन्नोर. तो शिजायला लागला तेव्हा त्याचा वास सबंध गल्लीत गेला.

मी कोनाड्याजवळ उभी राहून हे सगळं येताना पाहत होते. ते घर पाहायला येताहेत, माय, मी हळूच म्हटलं, हे सगळं परत पाठव. माय चुलीसमोर बसली होती. तिच्या डोळ्यांत धूर होता की पाणी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती म्हणाली, "सकूचा हात मागं लोटू काय मी? कोन्त्या तोंडानं लोटू?" तेवढ्यात सकूकाकी स्वतःच आत आली. तिनं आपल्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या साबण लावून काढल्या आणि माझ्या हातात चढवल्या. त्या तिच्या नवऱ्याच्या हयातीतल्या होत्या आणि त्या हातातून निघालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. पारबतामायनं गळ्यात पुतळ्यांची माळ घातली. बाबा चिखलाच्या पायांनी अंगणात आले तेव्हा त्यांचं घर त्यांच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. ते दारातच थबकले. आणि त्याच वेळी मोटारीचा हॉर्न वाजला.

शेठजी वयानं मोठे, पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं सगळं हिंदीत. प्रोफेसर तरुण होते, नागपूरकडचे, आणि त्यांचा चश्मा सारखा नाकावरून घसरत होता. दोघे सतरंजीवर बसले. दारात आणि खिडकीशी गल्लीतल्या बायका पदर सावरून उभ्या राहिल्या, पुरुष ओसरीच्या कडेला टेकले. शेठजींनी घरभर नजर फिरवली, गुंडांवर, ताटांवर, खाटेवर, आणि मग माझ्या हातांवर. जमीन किती, त्यांनी विचारलं. थोडी आहे, बाबा म्हणाले. भागतं का? जेमतेम, बाबा म्हणाले. धानाच्या मुलखातला कुठला शेतकरी ह्याहून वेगळं बोलतो? ज्याच्या ढोल्या फुटायला आलेल्या असतात तोही जेमतेमच म्हणतो. आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून ओसरीच्या कडेचे लोक मदतीला धावले. डोमाजी साधा माणूस आहे, आपलं मोठेपण सांगणार नाही, पण घरात काही कमी नाही, असं एकानं सांगितलं. शेजारच्या गोठ्यात दोन म्हशी रेकल्या, तेव्हा दुसरा म्हणाला की त्याही ह्यांच्याच. आपलं ठेवावं झाकून म्हणतात, आमच्या गल्लीनं तर दुसऱ्याचं झाकायचं व्रत घेतलं होतं.

प्रोफेसरांनी मला विचारलं, कोणते विषय घ्यायचे आहेत, आणि पुढे शिकून काय करायचं आहे. ह्या प्रश्नाचं उत्तर मी कित्येक दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. इतिहास का, शिकवायचं का, सगळं. मी मान वर केली, तर समोर दारात पारबतामाय डोळ्यांनी दटावत होती, मान खाली घाल म्हणून. पाहुण्यांपुढे पोरीनं तोंड वर करून बोलायचं नसतं. शिकलेल्या घरचे लोक असलेच प्रश्न विचारत असतील, असं बायकांनी धरलं होतं. मी हात हलवला तर पाटल्या किणकिणल्या. शिकायचं आहे, एवढंच मी म्हणाले, आणि तेही सतरंजीकडे पाहून. प्रोफेसरांनी चश्मा वर केला आणि पुढे विचारलं नाही. मग पानं वाढली. चिन्नोरचा भात, तूप, सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, खीर. शेठजी मनापासून जेवले. बाबा त्यांच्या समोर वाढायला उभे होते, हातात तुपाची वाटी. ते दोनदा बोलायला गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी फक्त आणखी तूप वाढलं. निघताना शेठजींनी माझ्या हातावर एक रुपया ठेवला आणि खुश रहो म्हणाले. दारातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हातावर रुपया ठेवला म्हणजे पोरगी पसंत, हे काय सांगायला हवं?

निकाल घेऊन मामा आला. घर खाऊनपिऊन सुखी आहे, सवलतीची गरज नाही, असं कमिटीचं मत पडलं होतं. मामा चिडला होता, पण बाबा शांतपणे म्हणाले की त्या लोकांनी जे पाहिलं तेच सांगितलं, त्यांचा दोष नाही. मी आत जाऊन ढोलीच्या मागे बसले आणि खूप रडले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे तर कर्मही माझं नव्हतं, गल्लीच्या मायेचं होतं, मग रागवायचं कोणावर? पण खरं दुःख अजून पुढेच होतं. दुसऱ्या दिवसापासून बायका विचारू लागल्या, गोंदियाचा निरोप आला का. बाबा नुसतेच नाही म्हणून मान हलवत. मग हळूहळू ती नाही गावभर झाली. मोटारवाल्यांनी डोमाजीची पोरगी नाकारली. हातावर रुपया ठेवून नाकारली, म्हणजे मागाहून काही तरी कळलं असणार. कोणी म्हणे पोरगी फार शिकलेली, कोणी म्हणे शहरात राहून आलेली. तिकडे तिरोड्याकडच्या एका घरी आत्यानं माझ्यासाठी शब्द टाकला होता, त्यांनीही गुपचूप पाय मागे घेतला. मायनं विहिरीवर जाणं सोडलं, ती भर दुपारी, कोणी नसताना पाणी आणायची. कॉलेज तर गेलंच होतं. आता माझं नावही चाललं होतं. आणि हे सगळं थांबवणारं एक वाक्य बाबांच्या जवळ होतं, जे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. मला त्यांचा राग येत होता. आज येत नाही, पण तेव्हा येत होता आणि तो खोटा नव्हता.

रोवण्याचा आमचा दिवस आला. आमच्याकडे रोवणा गल्लीच्या बायका मिळून करतात, आज ह्या बांधीत, उद्या त्या. गुडघाभर चिखलात वाकलेली रांग, मागे मागे सरकत जाणारी, आणि तोंडानं गाणं. मी मायच्या शेजारी होते. बाबा बांधाच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकत होते. गाणं मध्येच थांबवून सकूकाकीनं गोंदियावाल्यांचा उद्धार सुरू केला, त्यांच्या घरी काय पोरी नाहीत का, सोन्यासारखी पोरगी पाहून जेवून गेले आणि वर नाही म्हणाले, मी समोर असते तर त्यांना असं ऐकवलं असतं. बाकीच्या बायकाही सामील झाल्या. मी मान खाली घालून रोवत राहिले, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी सरळ बांधीत पडत होतं. माय रोवायची थांबली. ती बाबांकडे पाहत होती. ती पाहतच राहिली, आणि माझ्या आठवणीत मायनं बाबांकडे इतका वेळ रोखून एरवी कधी पाहिलेलं नाही. बाबांनी हातातली पेंढी धुऱ्यावर ठेवली.

"ते पोरगी पाहाले नोहते आले," बाबा म्हणाले. "मी मदत मागतली होती. पोरीच्या फीसाठी. मी नादार हाव काय, ते पाहाले आले होते."

रांग सरळ झाली. चिखलाचे हात तसेच लोंबत ठेवून सगळ्या बायका बाबांकडे बघू लागल्या. बांधीत पाणी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होतं, तेवढाच आवाज होता. सकूकाकी रांगेतून एक पाऊल पुढे आली. मग तिनं विचारलं, "कायले नाही सांगतलं आमाले?"

"लाज वाटली," बाबा म्हणाले.

"लाज!" सकूकाकी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आमी आपल्या हातानं पोट्टीचं शिक्षण बुडवलं न बापा. एका शब्दानं सांगतास, तं आमी तुह्या घरचा चुलाबी उचलून नेला असता."

कोणी हसलं नाही. ती चिखलातून धुऱ्यावर आली, पदरानं हात पुसले आणि उद्या सकाळी बंडी जुंपायची असं तिनं ठरवून टाकलं. रोवण्याच्या दिवसांत अख्खा दिवस बांधी सोडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. पऱ्हे वाट पाहत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बंडीत सकूकाकी, पारबतामाय आणि कोपऱ्यावरच्या घरची सून बसल्या. मांडीवर गुंड, ताटं, गुंडाळलेली सतरंजी. बाबा बंडी हाकत होते. मी मायजवळ मागे राहिले असते, पण सकूकाकीनं मला दंड धरून वर घेतलं.

गोंदियाला शेठजींच्या गादीवर आम्ही पोचलो तेव्हा सुदैवानं प्रोफेसरही तिथेच होते. पांढऱ्याशुभ्र गादीच्या कडेला चिखलाचे पाय घेऊन बायका उभ्या राहिल्या. सकूकाकीनं गुंड खाली ठेवले आणि हे माझे आहेत म्हणाली. पाटल्या दाखवल्या, ह्याही माझ्या. पारबतामायनं सतरंजी उलगडून तिच्या कोपऱ्यात विणलेलं लेकीचं नाव दाखवलं. म्हशी कोणाच्या तेही सांगून झालं. शेठजी एकेक वस्तूकडे पाहत होते. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "उस दिन आपने ख़ुद क्यों नहीं कहा?"

बाबा म्हणाले, "तुमी जेवून राह्यले होते, शेठजी. जेवत्या पावन्याले मी गरीब हाव म्हनून सांगू काय? घास अडकला असता तुमचा."

शेठजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली, थोड्या वेळानं पुन्हा घातली, आणि प्रोफेसरांना म्हणाले की ह्या मुलीचं नाव घ्या. पण प्रोफेसर जागचे हलले नाहीत. एक गोष्ट आधी सांगायला हवी, असं ते बाबांना म्हणाले. फी माफ झालेल्या मुलांची नावं कॉलेजच्या फळ्यावर लावतात, बापाच्या नावासकट, गावासकट, नादार असा शेरा मारून. कोणाचा आक्षेप असेल तर त्यानं सांगावं, म्हणून तसा नियम आहे. पुष्कळ पालक फळ्याचं ऐकून अर्ज मागे घेतात. हे सांगताना त्यांना स्वतःलाच अवघड वाटत होतं, ते दिसत होतं. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा तिथेही नादारीच्या मुलांना वर्गात उभं करायची पद्धत होती. मी कधी कोणाला उभं केलं नाही, त्यावरून हेडमास्तरांशी माझे खटके उडाले, आणि मी ते उडू दिले. बाबांनी विचारलं, फळा कोण कोण वाचतं. सगळेच, प्रोफेसर म्हणाले. आमच्या गावची मुलंही त्या कॉलेजात होती, पाटलांची, दुकानदाराची, तीही वाचणार होती. बाबा खाली मान घालून उभे राहिले. सकूकाकीसुद्धा मध्ये पडली नाही. मी त्या वेळी मनात म्हणाले, बाबा, नाही म्हणा, मला नको कॉलेज. खरंच म्हणाले. पण तोंडातून शब्द फुटला नाही, कारण मला कॉलेज हवंही होतं. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "लावा."

कॉलेज उघडलं त्या दिवशी बाबा मला सोडायला आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. रोवणा संपला होता, पण चिखलानं फुटलेल्या त्यांच्या पायांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. व्हरांड्यात फळ्यापुढे मुलांची गर्दी होती. पाटलांचा मुलगा होता, त्याचे दोन मित्र होते, आणि लांब खांबाशी आम्ही चार-पाच मुली. मला वाटत होतं बाबांनी फाटकापासूनच परत जावं. मी तसं सुचवूनही पाहिलं, बैल उन्हात उभे आहेत म्हटलं. ते म्हणाले, राहू दे. ते सरळ फळ्यापाशी गेले. मुलं बाजूला झाली. बाबांना अक्षरओळख नव्हती. ते वरपासून खालपर्यंत कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मला जवळ बोलावलं. आपलं नाव कोणतं, त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनीही माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, जाडजूड, नखात माती असलेलं. वाच, ते म्हणाले. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, ओठांतल्या ओठांत, पुटपुटले.

बाबांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. पाटलांच्या मुलाकडेही पाहिलं. मग म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं. सुमित्रा डोमाजी मेंढे, राहणार दवनीवाडा, इथे माझा आवाज अडला. बाबा वाट पाहत उभे होते, त्यांचं बोट अजून कागदावर होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि ह्या वेळी वडील शेतकरी, नादार, पूर्ण फी माफ, इथपर्यंत सबंध व्हरांड्याला ऐकू जाईल असं वाचून काढलं.